चोवीस नावं, तेवीस आकडे

"वहिनी, तुम्ही लॅबमध्ये नेमकं काय करायचात हो?" मी निवृत्त झाले त्या आठवड्यात माझ्या धाकट्या जावेने जेवता जेवता विचारलं. विरारला एकाच इमारतीत आम्ही वर-खाली राहतो, इतकी वर्षं रोज भेटतो.

"याद्या," मी म्हटलं.

"कसल्या? किराण्याच्या?"

सगळे हसले, मीही हसले. पण याहून खरं उत्तर मला आजही देता येत नाही. मी वसईतल्या एका रक्त तपासणी लॅबसाठी प्रोग्राम लिहीत होते आणि त्या प्रोग्रामचं जवळजवळ सगळं काम याद्यांचं होतं. सकाळी नालासोपारा, विरार, कामण इथल्या सेंटरवरून रक्ताचे नमुने यायचे, त्यांची यादी. मशीनमधून निघालेल्या आकड्यांची यादी. दुपारी लोकांना जाणाऱ्या रिपोर्टांची यादी. एका यादीतून दुसरी करायची, दुसरीतून तिसरी.

त्याआधी मी कॉलेजात गणित शिकवत होते. लॅबच्या मालकीणबाई स्वतः पॅथॉलॉजिस्ट, आम्ही सगळे त्यांना डॉक्टरबाई म्हणायचो. त्यांनी मला बोलावलं तेव्हा मी म्हटलं होतं, मला हास्केल नावाची एक भाषा येते, फारसं कुणी वापरत नाही, पण मी त्यातच लिहीन. त्या म्हणाल्या, "शुभदा, रिपोर्ट बरोबर माणसाला बरोबर गेला पाहिजे. भाषा तुला हवी ती घे." ती भाषा मला आवडायची कारण ती गणितासारखी वागते. तुम्ही एक फंक्शन लिहिता, म्हणजे एक छोटी कृती: हे आत घाल, ते बाहेर येईल. मग ती कृती अख्ख्या यादीला लावता. याला मॅप म्हणतात. यादीत पाच नावं असोत की पाचशे, प्रत्येकाला तीच कृती होते, आणि बाहेर येणारी यादी तेवढीच लांब असते, त्याच क्रमाने. दुसऱ्या भाषांत यासाठी मोजत बसावं लागतं, पहिला झाला का, दुसरा झाला का. इथे एक ओळ लिहायची आणि सोडून द्यायचं.

सोडून द्यायचं, यातच गोम असते. सुरुवातीच्या दिवसांत मी नावापुढे श्री किंवा श्रीमती लावणारं एक फंक्शन लिहिलं. पुरुष असेल तर श्री, बाई असेल तर श्रीमती, इतकं सोपं. लावलं सगळ्या यादीला. दुसऱ्या दिवशी नालासोपाऱ्याहून एका गृहस्थांचा फोन आला. "मॅडम, ते कावीळ तपासायला रक्त दिलं ना, ती माझी मुलगी चार दिवसांची आहे. अजून नावपण ठेवलं नाय. रिपोर्टवर 'श्रीमती बेबी' आलंय. माझी सासू सगळ्या बिल्डिंगला दाखवत फिरतेय." मी माफी मागितली आणि फंक्शनात वय घातलं. फोन ठेवल्यावर आम्ही खूप हसलो. रेश्मा तर दिवसभर मला श्रीमती मॅडम म्हणत होती.

ही रेश्मा आमची सगळ्यात जुनी टेक्निशियन. नळ्या लावणं, मशीन चालवणं, कुठला नमुना वापरण्याजोगा आहे आणि कुठला नाही हे नुसतं उजेडात धरून सांगणं, हे तिचं काम. ती बारावीपर्यंत शिकून पुढे डिप्लोमा केलेली. मी एम. एस्सी. हे इथे लिहिते आहे, कारण पुढे जे झालं त्यात त्याचा संबंध आहे.

आता एका मशीनबद्दल सांगावं लागेल. ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली असते, त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर झडपेवर गुठळी होते, जास्त झाली तर रक्तस्राव होतो. म्हणून दर महिन्याला, कधी दर आठवड्याला, ते रक्त तपासून घेतात. त्यातून एक आकडा येतो. साधारण अडीच ते साडेतीनच्या मधे तो असावा लागतो. डॉक्टर तो आकडा बघून गोळी वाढवतात किंवा कमी करतात. बाकी काही बघत नाहीत, फक्त तो आकडा.

हे रक्त निळ्या बुचाच्या नळीत घेतात. आमचं ते मशीन जुनं होतं. नव्या मशीनना नळीवरचा बारकोडचा पट्टा वाचता येतो, याला येत नव्हता. याला फक्त जागा कळायची: पहिल्या खाचेतली नळी, दुसऱ्या खाचेतली नळी. रेश्मा नळ्या रॅकमध्ये लावायची आणि त्याच क्रमाने नावं संगणकात भरायची. मशीन आकडे त्याच क्रमाने द्यायचं. मग माझा प्रोग्राम एका हाताला नावांची यादी, दुसऱ्या हाताला आकड्यांची यादी घेऊन जोड्या लावायचा. पहिल्या नावाला पहिला आकडा, दुसऱ्याला दुसरा. या जोड्या लावणाऱ्या फंक्शनला झिप म्हणतात. बॅगेची चेन लावतो तसंच, दाताला दात. फक्त त्याची एक सवय आहे. दोन याद्यांपैकी एक आधी संपली, तर ते तिथेच थांबतं. तक्रार करत नाही. मी हे वर्गात मुलांना शिकवलेलं होतं.

कधी कधी नळीत रक्ताची गुठळी झालेली असते. मग मशीन त्या जागी आकडा देत नाही, नुसती रिकामी नोंद देतं. तसा रिकाम्या चौकटीचा रिपोर्ट लोकांना जायचा आणि लोक घाबरून फोन करायचे. डॉक्टरबाई म्हणाल्या, असा रिपोर्ट जाताच कामा नये, त्या माणसाला परत रक्त द्यायला बोलवा. सोपं काम होतं. यादीतून रिकाम्या नोंदी गाळून टाकणारं फंक्शन त्या भाषेत तयारच आहे. मी ते आकड्यांच्या यादीला लावलं आणि मग जोड्या लावल्या. एका ओळीचा बदल. तपासायला मी एक खोटी यादी केली, तिच्यात शेवटचा नमुना खराब ठेवला. शेवटचं नाव रिपोर्टातून गळलं, बाकी सगळे बरोबर आले. मी रेश्माला बोलावून दाखवलं.

स्क्रीनवरच्या यादीवरून तिने बोट फिरवलं. मग म्हणाली, "मॅडम, मधली नळी बाद झाली तर? मागचे सगळे पुढे नाही ना सरकणार?"

"नाही गं."

"नाही, म्हणजे मी रॅकमधून नळी काढली ना, तर ती खाच तशीच रिकामी ठेवते. पुढची नळी त्यात नाही घालत. म्हणून विचारलं."

"ते हाताचं काम झालं. इथे भाषा सांभाळते सगळं," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि ती गेली. मी तो प्रश्न पुन्हा मनात आणला नाही. मला आठवतंय, मी त्याच दिवशी दुपारी निवांत चहा घेतला.

आठ-दहा दिवस काहीच झालं नाही, कारण त्या दिवसांत एकही नमुना खराब निघाला नाही. मग एका सोमवारी निळ्या बुचाच्या चोवीस नळ्या होत्या. नववी कामणच्या सेंटरवरून आलेली, तिच्यात गुठळी होती. मशीनने रिकामी नोंद दिली, माझ्या फंक्शनने ती गाळली, तेवीस आकडे उरले आणि चोवीस नावांना ते लावले गेले. नवव्या माणसाला दहाव्याचा आकडा, दहाव्याला अकराव्याचा. असे पंधरा जण. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बघून सही केली. वेगळं दिसण्यासारखं त्यात काही नव्हतं, सगळे आकडे या गोळीवरच्या माणसांचे असतात तसेच होते. एकच फार वर होता, सहा पॉइंट एक. तो सोळाव्या नावापुढे होता, विरारच्या एका शिक्षकांच्या. त्यांना आम्ही तातडीने फोन केला, गोळी थांबवायला लावली. त्यांनी आमचे आभार मानले.

चोविसाव्या माणसाला रिपोर्ट गेलाच नाही. हे होते चुरीकाका. आयुष्यभर मिठागरात काम केलेले, सत्तरीचे, कानाने जरा कमी. मंगळवारी ते काउंटरवर आले. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, येईल संध्याकाळपर्यंत. बुधवारी परत आले. तिने मला आत फोन केला. मी म्हटलं, नमुना खराब झाला असेल, परत द्यायला सांग. त्यांनी रक्त द्यायला नकार दिला आणि भांडून गेले. गुरुवारी सकाळी ते काउंटर ओलांडून सरळ माझ्या टेबलापाशी आले.

"बाय, तूच काय ती कंपूटरवाली?"

"हो काका. बसा ना."

"बसायला नाय आलो. तीन दिस झाले, सगल्यांचे रिपोट आले, माजाच नाय. मना सांगतान रगत खराब झाला. कोन बोलला खराब झाला?"

"काका, कधी कधी नळीत गुठळी होते..."

"नाय झाली. माज्या डोल्यांसमोर तिने नली धरली होती, बोलली, काका, चांगली आहे. आनि शेवटच्या खाचेत ठेवली. मी शेवटचा होतो. माज्या मागं कोन पन नव्हता."

रेश्मा शेजारच्या खोलीतून हे ऐकत होती. ती दारात आली. "मॅडम, बरोबर आहे त्यांचं. काकांची नळी चांगली होती. सोमवारी खराब होती ती नववी. कामणची." ती दोन पावलं आत आली. "पण कामणहून परत रक्त द्यायला कोणी आलंच नाही."

मी सोमवारची यादी उघडली. नववं नाव, त्यापुढे व्यवस्थित आकडा. ज्या नळीने आकडा दिलाच नव्हता, तिचा आकडा. मला समजायला एक क्षणसुद्धा लागला नाही. रेश्मा माझ्या मागे उभी होती, तिलाही कळलं होतं. चुरीकाका विचारत होते, "काय झाला? हाय का माजा रिपोट?"

त्यांचा रिपोर्ट तेविसाव्या माणसाकडे होता.

डॉक्टरबाईंना मी तीन वाक्यांत सांगितलं. त्यांनी यादीचा कागद मागितला, पेनाने नवव्या नावापासून पुढे खरे आकडे शेजारी लिहिले आणि कागद मधोमध फाडला. वरची नावं त्यांनी घेतली, खालची मला दिली. माणसाला फोन करायचा, खरा आकडा सांगायचा, गोळी कोणत्या डॉक्टरांकडून ठरते ते विचारायचं आणि त्या डॉक्टरांनाही लगेच फोन करायचा. बहुतेकांचे आकडे जवळपासचे होते, त्यांचं काही बिघडलं नव्हतं. विरारचे शिक्षक तीन दिवस गोळीशिवाय होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही मला वाचवायला फोन केलात तो मला मारायचा होता." मी हो म्हटलं.

त्यांना लागलेला सहा पॉइंट एक हा सतराव्या नावाचा होता. नातालिन परेरा, वय चौसष्ट, वसईजवळच्या एका वाडीत राहणाऱ्या. त्यांना आमच्याकडून एक पॉइंट सात असा रिपोर्ट गेला होता, म्हणजे रक्त पुरेसं पातळ नाही असा. त्यांच्या डॉक्टरांनी त्यावरून गोळी वाढवली होती. आधीच दुप्पट पातळ झालेल्या रक्तावर सोमवार, मंगळवार, बुधवार वाढीव गोळी.

फोन त्यांच्या मुलीने, जॉस्फिनने घेतला. मागे माणसांचा गलका होता. मी लॅबमधून बोलतेय म्हटल्यावर ती म्हणाली, "आता नको हो, आम्ही दवाखान्यात आहोत. मम्मीला सकाळी बोलताच येईना. चहाचा कप हातातून पडला. आत नेलंय."

मी तिला सांगितलं, की आईंचा आकडा चुकीचा गेला होता, खरा सहा पॉइंट एक आहे, हे आत्ताच्या आत्ता तिथल्या डॉक्टरांना सांगा. ती म्हणाली, "त्यांनी रक्त काढलंय, आत्ताच बोलले, खूप पातळ झालंय." माझ्या आकड्याची तिथे कुणाला गरज उरली नव्हती.

नातालिनबाई वाचल्या. मेंदूत डाव्या बाजूला छोटा रक्तस्राव झाला होता. उजवा हात हळूहळू बराच सुधारला, तरी बोटांत पूर्वीची पकड आली नाही. बोलणं टिकलं, पण शब्द सापडायला वेळ लागू लागला. हे सगळं मी नंतर वैद्यकीय भाषेत अहवालात वाचलं.

त्या शनिवारी डॉक्टरबाई आणि मी दवाखान्यात गेलो. जॉस्फिन बाहेरच्या बाकावर बसली होती. डॉक्टरबाईंनी काय घडलं ते सांगितलं. तिने विचारलं, "म्हणजे मशीन बिघडलं होतं?"

"नाही," मी म्हटलं. "मशीनने सांगितलं होतं, की या जागी आकडा नाही. मी ती जागाच काढून टाकली. त्यामुळे मागचे सगळे पुढे सरकले. चूक माझी आहे."

"आणि हे तुम्हाला लिहिताना नाही समजलं?"

"एकीने विचारलं होतं. मी तिचं ऐकलं नाही."

ती बाकावरून उठली. मग म्हणाली, "तुम्ही जा आता." आम्ही गेलो. नंतर तिने लेखी तक्रार केली, चौकशी झाली, मी माझ्या सहीचं निवेदन दिलं आणि त्यात प्रोग्रामातली ती एक ओळ जशीच्या तशी लिहून दिली. चौकशीला आलेल्या गृहस्थांनी विचारलं, हे सोप्या भाषेत सांगा. मी टेबलावर आठ पेनं ओळीत ठेवली, मधलं एक काढलं आणि उरलेली सरकवून दाखवली. ते म्हणाले, "बस, एवढंच?" एवढंच.

दुरुस्तीला एक तास लागला. आकडा निघतानाच त्याला नळीचा नंबर चिकटवायचा, रिकामी नोंद गाळायची नाही, 'आकडा नाही' अशीच शेवटपर्यंत वाहून न्यायची, आणि दोन याद्यांची लांबी जुळली नाही तर प्रोग्रामने पुढे जायचंच नाही. हे सगळं पहिल्यांदाच करायला हवं होतं. मी रेश्माला एकटीला गाठून म्हटलं, "तू बरोबर विचारलं होतंस. मी नीट ऐकायला हवं होतं." मला वाटलं ती रागावेल, निदान टोमणा तरी मारेल. ती म्हणाली, "मी अजून एकदा विचारायला हवं होतं, मॅडम. मला वाटलं, तुम्हाला माहीतच असणार." तिने स्वतःकडे ओढून घेतलेला तो दोष मला आजही सगळ्यात जास्त टोचतो.

मी राजीनामा दिला होता, डॉक्टरबाईंनी घेतला नाही. "तुझ्या जागी जो येईल त्याला हे माहीत नसेल," त्या म्हणाल्या. म्हणून राहिले. राहिले, पण काम पूर्वीसारखं राहिलं नाही. पूर्वी मी एक ओळ लिहून सोडून द्यायचे, आता सोडवेना. रोज दुपारी रिपोर्ट जाण्याआधी मी दोन्ही याद्या छापून घ्यायचे आणि बोट ठेवून वाचायचे. प्रोग्राम तेच काम बिनचूक करत होता हे मला ठाऊक होतं. तरी वाचायचे. नवीन मशीन आलं, नळीवरचे पट्टे आपोआप वाचले जाऊ लागले, तरी मी वाचतच राहिले. डोळे दुखायचे, घरी आल्यावर बोलावंसं वाटायचं नाही. नवरा विचारायचा, "आज काय झालं?" काही झालेलं नसायचं. काही न झाल्याची खात्री करूनच मी दमलेली असायचे.

वर्ष-सव्वा वर्षाने जॉस्फिनचा फोन आला. मी आवाज ओळखला आणि खुर्चीत नीट बसले.

"मम्मीला तुम्हाला बघायचंय," ती म्हणाली. "तिने बोलावलं म्हणून सांगते. मी नसतं बोलावलं."

रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर त्यांच्या घरी गेले. घराच्या मागे केळी, बाहेर ओट्यावर नातालिनबाई बसल्या होत्या. डाव्या हाताने त्यांनी मला शेजारी बसायची खूण केली. बराच वेळ त्या माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, शब्द शोधतायत. जॉस्फिन मदतीला पुढे झाली तर त्यांनी तिला थांबवलं.

"तू..." त्या म्हणाल्या, "अजून... तिथेच?"

"हो."

"बघतेस ना... आता... नीट?"

"बघते," मी म्हटलं. "रोज."

त्यांनी मान डोलावली आणि मुलीकडे वळून म्हणाल्या, "मग... रगत... तिथेच देऊ. जवळ... पडतं."

"मम्मी, काय बोलतेस?" जॉस्फिन एकदम उठली. "दुसरीकडे चाललंय ना व्यवस्थित! मी रिक्षाने नेते तुला, तुला काय त्रास आहे?"

मी म्हटलं, "दुसरीकडेच द्या. मुलगी बरोबर सांगतेय." मला ते मनापासून वाटत होतं. मला त्यांचं नाव पुन्हा माझ्या यादीत नको होतं.

पुढच्या आठवड्यात त्या आल्या. जॉस्फिन सोबत होती, ती माझ्याशी बोलली नाही. रेश्माने स्वतः रक्त घेतलं. त्या दिवशी मी मशीनशेजारी स्टूल घेऊन बसले आणि आकडा येईपर्यंत उठले नाही. दोन पॉइंट आठ. मी नळी बघितली, नंबर बघितला, नाव बघितलं, परत नळी बघितली. रेश्मा म्हणाली, "मॅडम, झालं. पाठवा आता." मी पाठवला.

तासाभराने फोन वाजला.

"रिपोर्ट मिळाला," जॉस्फिन म्हणाली. मग पुढे, "सकाळी तुमच्याकडे यायच्या आधी मी दुसऱ्या लॅबमध्येपण तिचं रक्त दिलं होतं. तिथे दोन पॉइंट सात आलं. एवढा फरक चालतो?"

"चालतो."

"मी दर महिन्याला असंच करणार. दोन्हीकडे देणार."

"करा," मी म्हटलं. "बरं केलंत."

तिने फोन ठेवला. मी निवृत्त होईपर्यंत दर महिन्याला त्यांची नळी येत राहिली, आणि दर महिन्याला, रिपोर्ट गेल्यावर तासाभरात, दुसऱ्या लॅबचा आकडा तिने मला कळवला.